आमची वाटचाल : सेन्सर बदलण्याआधी वायर

आम्ही गॅरेज सुरू केलं ते कार्ब्युरेटर, क्लच आणि ब्रेकच्या कामावर. इंजिन ठोकतंय का (नॉकिंग, म्हणजे आत पेट्रोल आपोआप, अवेळी पेटून होणारी ठकठक) हे तेव्हा मिस्त्री ऐकूनच ओळखायचा, डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागे घ्यायचा, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडेल असं करायचा, आणि गाडी सोडून द्यायचा. इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि हे काम ईसीयूकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे गेलं. ब्लॉकवर बोल्टने आवळलेला नॉक सेन्सर हा त्याचा कान. आत पीझो चकती असते, ती कंप झाला की व्होल्टेज देते. बऱ्याच इंजिनांत नॉकिंगचा कंप ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. ईसीयू तेवढाच गाळून घेतो आणि ठिणगी थोडी उशिरा पाडतो.

आमच्या धंद्याला वळण लावलं ते याच सर्किटने. गाड्या यायच्या त्या बाहेर सेन्सर बदलून झाल्यावर. चेक इंजिनचा दिवा तसाच, चढाला गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते, आणि मालक वैतागलेला. ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३२५ नाहीतर पी०३२७. आता हे कोड सर्किटमध्ये दोष आहे एवढंच सांगतात. सेन्सर, कपलर (वायर जोडणारा प्लग), वायर की खुद्द ईसीयू, ते शोधायचं आपण. तोवर ईसीयू धोका पत्करत नाही, टायमिंग मागेच ठेवतो. गाडी मरगळते ती त्यामुळे.

मग नवी लिफ्ट लांबणीवर टाकून आम्ही ऑसिलोस्कोप घेतला, सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. भागीदाराला तो शुद्ध चैनीचा वाटला होता. पण मल्टिमीटर इथे अर्धंच सांगतो. काही सेन्सरमध्ये समांतर रेझिस्टर असतो, तिथे ओहमचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून बघता येतो. ज्यांत तो नसतो ते सेन्सर मीटरवर ओपन (सर्किट तुटल्यासारखं) दाखवतात आणि तरी ठणठणीत असतात. म्हणून आम्ही इंजिन बंद ठेवून कपलर काढतो, स्कोप लावतो आणि सेन्सरजवळच्या ब्लॉकवर पान्याने हलकेच टकटक करतो. सेन्सरवर मात्र कधीच मारायचं नाही. लाट उठून विरली तर सेन्सर जिवंत. मग कपलर परत जोडून तीच टकटक, पण मोजायचं ईसीयूच्या टोकाला. तिथे लाट पोचली नाही, तर चोर वायरिंगमध्ये आहे.

आणि तो बहुतेकदा तिथेच सापडतो. व्ही इंजिनांपैकी काहींत सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली असतो. तिथे उष्णतेने इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, पाणी साचून पिना गंजतात, उंदीरही कुरतडतात. ही वायर साधी नाही, तिच्यावर जाळीचं शील्ड असतं. सिग्नल इतका बारीक की इग्निशनचा गोंगाट सहज त्यात घुसतो. तुटलेल्या जागी साधी वायर जोडून टेप गुंडाळली की कोड पुन्हा येणारच. आम्ही आतल्या तारांचे जोड मागेपुढे ठेवून सोल्डर करतो, हीट श्रिंक चढवतो आणि शील्ड पुन्हा सलग करतो. शील्डचं अर्थिंग सहसा ईसीयूच्या बाजूलाच असतं, दुसरं टोक बॉडीला टेकवलं की गोंगाट वाढतो.

दुसरी गोष्ट टॉर्कची. मधोमध भोक असलेल्या बऱ्याच सेन्सरना २० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. बसण्याची जागा कोरी हवी, गंज नको, रंग नको, वॉशर तर नकोच. ढिला सेन्सर ऐकत नाही, जास्त आवळला तर चुकीचं ऐकतो. आमच्याकडे नवा पोरगा आला की आधी टॉर्क पाना हातात देतो, स्कॅनर नंतर.

हळूहळू शेजारची गॅरेजंच या तक्रारीच्या गाड्या आमच्याकडे धाडू लागली. गाडी देताना बिलासोबत स्कोपचे आधीचे-नंतरचे फोटो देतो. त्याआधी स्कॅनर लावून चढावर फेरी मारतो आणि टायमिंग किती मागे सरतंय ते बघतो. सर्किट नीट असूनही ते मागे जात राहिलं, तर इंजिन खरंच ठोकतंय किंवा एखादा ब्रॅकेट ढिला होऊन खडखडतोय. ती गाडी मग वायरिंगवाल्याकडून इंजिनवाल्या मिस्त्रीकडे जाते, आणि त्याचं बिल वेगळं.