दालचिनीचा डबा आणि तीन महिन्यांची साखर

गेल्या पावसाळ्यात माझा एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींत चिकटलेल्या साखरेची तपासणी, ८.४ टक्के आला आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दोन वेळा सुरू केली. मधुमेहाने आईची नजर गेलेली मी पाहिली होती. गोळ्या घेऊनही गेली, म्हणून माझा गोळ्यांवर विश्वासच नव्हता. रोज सकाळी मोठा चमचाभर दालचिनीची पूड कोमट पाण्यातून घ्यायला लागले. दीड महिन्याने संध्याकाळची गोळी स्वतःच बंद केली.

दिवाळीनंतर आकडा ८.९. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. आदल्या दिवशी पथ्य पाळून काही लपत नाही. गोळी बंद केल्याचं सांगताना मला रडू आलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, ती दालचिनी आणून दाखवा."

जाड, टणक, एकाच पदराची साल होती. ती कॅशिया. किराणा दुकानात दालचिनी म्हणून बहुतेक हीच मिळते. हिच्यात कूमरिन असतं, रोज चमचाभर घेतली तर यकृताला बाधू शकतं. खरी दालचिनी, श्रीलंकेची किंवा आपल्या कोकणात होते ती, पातळ पदरांची असते आणि बोटांनी चुरगळते. २००३ साली पाकिस्तानात ६० रुग्णांना ४० दिवस दालचिनी दिल्यावर उपाशीपोटीची साखर उतरली होती, पण नंतरच्या चाचण्यांत एचबीए१सीवर तसा खात्रीचा परिणाम दिसला नाही.

मसाल्यांतल्या अँटिऑक्सिडंटचं मला तेव्हा कुठे नीट कळलं. साखर चढलेली राहिली की पेशींत फ्री रॅडिकल्स, म्हणजे इजा करणारे अस्थिर रेणू, वाढतात आणि डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. लवंगेतलं युजेनॉल, हळदीतलं कर्क्युमिन ही अँटिऑक्सिडंट प्रयोगशाळेत या रॅडिकल्सना आवरतात. पण हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम ३ टक्के, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात पोहोचतं. मिरीने ते शोषण वाढतं, म्हणून आमटीत हळदीबरोबर मिरी टाकते. तेवढ्याने साखर उतरेल अशी आशा मात्र धरत नाही.

मेथीचा गुण मला स्वतःच्या वहीत दिसला. तिचं काम वेगळं, दाण्यातल्या बुळबुळीत तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरते. डॉक्टरांना विचारून रात्री दोन चमचे दाणे भिजत घालते, दुपारी जेवणाआधी पाण्यासकट चावून खाते. पहिला आठवडा पोट फुगायचं, मग सवय झाली. ग्लुकोमीटरवर जेवणानंतर दोन तासांनी २३८ यायचे, ते महिन्याभरात १८०च्या आसपास आले. पण तेव्हा दोन्ही वेळच्या गोळ्या पुन्हा सुरू होत्या आणि भाताऐवजी ज्वारीची भाकरी होती. सगळं श्रेय मेथीला देणं मला पटत नाही.

फेब्रुवारीत ७.६, जूनमध्ये ७.१. कोकणातली दालचिनी आणली आहे, ती गोड्या मसाल्यात जाते. आणि मागच्या आठवड्यात डोळ्यांचे पडदे तपासून घेतले. दोन्ही नीट आहेत.