फोर्ट पायी पाहताना : बाजार सापडतो, बंदर शोधावं लागतं

मुंबईचा फोर्ट बघायचा तर कामाच्या दिवशीच जा. रविवारी फोटो छान येतात, पण हा भाग उलाढालीसाठी वसला; माणसांशिवाय त्यात जीव नाही.

आम्ही हुतात्मा चौकातून निघालो. मेट्रो ३ चं स्टेशन आता तिथेच आहे. चर्चगेट किंवा सीएसएमटीहूनही चालत येता येतं. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्याचा ‘चर्च गेट’ हा दरवाजा हुतात्मा चौकाच्याच जागी होता. १८६०च्या दशकात तट पाडला, त्याचा थोडा भाग सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात उरलाय. तटाबाहेरच्या खंदकाशी आपला थेट संबंध आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि खंदकासाठी त्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली.

ज्या चर्चवरून त्या गेटला नाव मिळालं, ते १७१८ चं सेंट थॉमस कॅथेड्रल पुढेच आहे. आत गव्हर्नर जोनाथन डंकनच्या संगमरवरी स्मारकापाशी थांबाच. पिंपळाखाली हिंदू माणूस कोरलाय आणि दोन मुलांच्या हाती काशी-काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचा लेख आहे. कंपनीला स्वतःची कशी आठवण ठेवून हवी होती, ते इथे समजतं.

मग हॉर्निमन सर्कल. इथे घाई करू नका. आजच्या गोल बागेच्या जागी मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गासड्या रचलेल्या असत. समोरच्या टाउन हॉलजवळ, वडाखाली, शेअर दलाल जमायचे. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचा पैसा मुंबईत धो धो आला. समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांचे शेअर आभाळाला भिडले. १८६५ ला युद्ध संपलं आणि भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. तरी दलाल टिकले. १८७५ मध्ये त्यांनी संघटना बांधली, तेच आजचं बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार. दलाल स्ट्रीट इथून चार पावलांवर. इमारत बाहेरूनच बघायची तयारी ठेवा.

टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या, पायऱ्यांवर बसून थोडा दम खा. मागे नौदलाचा तळ आहे, कंपनीचा मूळ किल्ला त्याच्या आत. प्रवेश नाही, फाटकाचे फोटोही काढू नका. मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांना कंपनी समुद्री चाचा म्हणत राहिली आणि आज त्याच किल्ल्यावर ‘आयएनएस आंग्रे’ ही पाटी आहे. ती वाचून ऊर भरून येतो.

बॅलार्ड इस्टेट शेवटी, ऊन कलल्यावर. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर हा भाग उभा आहे. १९१४ ते १८ मध्ये वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार तो बांधला गेला. फुटपाथ रुंद, झाडं भरपूर. समुद्र मात्र पोर्टच्या भिंतीआड. पाणी बघायचं असेल तर टॅक्सीने गेटवेला जाऊन लाँच पकडा. नौदलाची गोदी तिथून नीट दिसते.