दिवाडीची मानस

बागा-कळंगुटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गर्दी होती, आवाज होता, बिलं फुगलेली होती. संपलं. पोस्ट लिहितेय ती दिवाडी बेटासाठी, आणि तीही तिथल्या एका लाकडी दारासाठी.

जुन्या गोव्याहून फेरीने मांडवी ओलांडली की रस्ता सपाट शेतांमधून जातो. बहुतेक पर्यटक इथे गाडी थांबवून 'किती शांत ना!' म्हणतात, फोटो काढतात आणि टेकडीवरच्या चर्चकडे निघून जातात. आम्ही बांधावर उतरलो. ही शेतं म्हणजे खाजण. भरतीच्या वेळी नदीचं पाणी त्यांच्यापेक्षा उंच असतं. बाहेर खारफुटी लाटा झेलते, मग चिखलाचा, कुठे चिऱ्यांचा बांध. बांधात पाण्याचं दार, ती मानस. मानशीच्या आत खोल तळं, त्याला पोंय म्हणतात. त्याच्या पलीकडे भात.

तळ्याकाठी एक म्हातारे गृहस्थ कुर्लीच्या बिळात चिखल कोंबून टाचेने दाबत होते. मी काका म्हणून हाक मारली, तर आधी "बाय, पाय सांबाळ" म्हणाले, मग कामाकडे वळले. कुर्ल्या बांध पोखरतात. आज बोटभर भोक, महिन्याभरात पाणी झिरपायला लागतं आणि पावसात अख्खा तुकडा जातो.

भरती सुरू व्हायला थोडा वेळ होता. मानशीतून पाणी बाहेर धावत होतं, मग मंदावलं. एक प्लास्टिकची बाटली दारापाशी गोल फिरत राहिली. मग नदीकडून पाणी चढलं आणि फळ्या धप्पकन मिटल्या. हात कुणीच लावला नाही! ओहोटीला आतलं पाणी फळ्या ढकलतं, भरतीला बाहेरचं पाणी त्या दाबून धरतं, बस्स. तासभर आम्ही एवढंच पाहत बसलो. नवरा कंटाळला, मी नाही.

पण काकांना त्या फळ्यांचं कौतुक नव्हतं, राग होता. मानशीवरची मासळी लिलावाने दिली जाते. काळुंदर, शेवटे, सुंगटं. ओहोटीला दारात जाळं लावायचं. आता लिलाव घेणाऱ्याला पैसे फिटायला हवेत, भाताशी त्याचं देणंघेणं नाही. तो रात्री फळीखाली दगड सरकवतो, जास्त खारं पाणी आत घेतो. मासळी वाढते, मीठ शेतात चढतं. कोरगुटसारखं खारं सोसणारं भातसुद्धा मग हात टेकतं. अशा तक्रारी गोवाभर ऐकू येतात, हे मला नंतर कळलं.

पूर्वी बांध-मानशीचं हे काम गावकरीकडे, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेकडे होतं. पोर्तुगीजांनी 1526 साली गावकरीचे रीतिरिवाज लिहून घेतले, म्हणजे व्यवस्था त्याहून जुनी. बांध फुटला की सगळा गाव धावायचा, असं काका सांगत होते. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिले, ते योग्यच झालं. गावकरीत सगळ्यांना सारखा मान होता असं कुणी समजू नये. पण बांध कुळांच्या संघांच्या गळ्यात पडला, तरुण मुलं नोकरीला गेली, आणि खाऱ्या पाण्याने पडीक पडलेल्या जमिनीकडे बिल्डरांची नजर गेली. 'पडीक' हा शब्द काकांनी तीनदा उच्चारला. जमीन आपोआप पडीक पडत नाही, पाडली जाते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला ते पटलं.

आमच्या हॉटेलवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पाणी भरलेलंच छान दिसतं की. पक्षी येतात." मी वाद घातला नाही, पण दुसऱ्या दिवशीची त्याची 'बॅकवॉटर सफर' मात्र रद्द केली. आगाऊ दिलेले पैसे अजून परत आलेले नाहीत.