घर दोघांच्या नावावर होतं

हे गेले त्याला दोन वर्षं होत आली होती आणि इथे टेक्ससमध्ये गारपिटीत आमच्या घराचं छप्पर गेलं. विम्याचे पैसे पुरेनात, म्हणून घरावर थोडं कर्ज काढायचं ठरवलं. अर्ज केला, माणसं येऊन घराची किंमत करून गेली. मग टायटल कंपनीचं, म्हणजे घराची मालकी तपासणाऱ्या कंपनीचं, पत्र आलं आणि त्यात दोन हरकती. पहिली, निम्मं घर अजून ह्यांच्याच नावावर आहे. दुसरी, 1998 साली घर घेताना काढलेल्या कर्जाचा बोजा अजून उतरलेला नाही.

दुसरी हरकत वाचून मी मटकन खालीच बसले. ते कर्ज आम्ही 2011 सालीच फेडलं होतं. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या होत्या.

पहिल्या हरकतीचंही मला कळेना. घर दोघांच्या नावावर होतं. एक गेला की आपोआप दुसऱ्याचं होतं, असं मी आणि माझ्या ओळखीच्या सगळ्याजणी धरून चाललो होतो. टेक्ससमध्ये तसं नाही. नवराबायकोने हयात असताना तसा वेगळा लेखी करार केलेला असेल तरच ते होतं. मृत्युपत्र असेल तर ते चार वर्षांच्या आत कोर्टात दाखल करायचं. मृत्युपत्र नसेल, घर लग्नानंतरच्या कमाईतून घेतलेलं असेल आणि सगळी मुलं दोघांचीच असतील, तर घर बायकोचं होतं. पण हे फक्त कायद्यात. रेकॉर्डवर ते दिसायला कुणीतरी कागद करून सरकारी दप्तरात नेऊन नोंदवावा लागतो. तो मी नोंदवला नव्हता.

सासरे वारले तेव्हा सांगलीला तलाठ्याकडे वारसनोंदीला आम्ही गेलो होतो. अर्ज दिला, मृत्यूचा दाखला जोडला, नोटिसा निघाल्या, फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर नावं लागली. वेळ लागला, पण नाव लावण्याचं काम तिथे सरकारचं होतं. इथे काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) क्लार्कच्या कचेरीत दस्त नोंदवतात, पण कुणी नाव लावत नाही आणि काढतही नाही. तुम्ही आणलेला कागद नियमात बसतो का ते बघतात, त्याची नोंद करतात, स्कॅन करून परत देतात. मालक कोण, हे त्या कागदांच्या साखळीवरून ज्याचं त्याने ठरवायचं. सातबाऱ्यासारखा एकच उतारा मिळत नाही. हे डोक्यात शिरायला मला महिना गेला. माझ्यासारख्या आणखी कितीतरी बायका इथे आहेत आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आणखी एक घोळ आधीच मिटवते. घरपट्टीचं बिल माझ्या एकटीच्या नावाने येऊ लागलं होतं, त्यामुळे काम झालं असं मला वाटलं. ते बिल अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कचेरीच्या, नोंदीवरून निघतं. ती कचेरी वेगळी, तिचा मालकीहक्काशी संबंध नाही.

आमचं घर फोर्ट बेंड काउंटीत. पोस्टाचा पत्ता मात्र ह्यूस्टनचा, आणि ह्यूस्टनचा बहुतेक भाग हॅरिस काउंटीत येतो. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. टेक्ससमध्ये 254 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं दप्तर वेगळं. घर ज्या काउंटीत, कागद त्याच काउंटीत नोंदवलेला लागतो. फोर्ट बेंडची कचेरी रिचमंडला, ब्राझोस नदीकाठच्या जुन्या गावात. 1908 सालची घुमटाची कोर्टाची इमारत तिथे अजून उभी आहे.

शोध मी आधी घरी बसून केला. काउंटीच्या संकेतस्थळावर नाव टाकून दस्त शोधता येतात. दोन शब्द पक्के ध्यानात ठेवा : ग्रँटर म्हणजे देणारा, ग्रँटी म्हणजे घेणारा. घर घेतलं तेव्हा आपण ग्रँटी. कर्ज काढलं तेव्हा घर तारण आपण दिलं, म्हणून तिथे आपण ग्रँटर. बोजा उतरवल्याच्या कागदात, म्हणजे रिलीजमध्ये, बँक ग्रँटर आणि आपण पुन्हा ग्रँटी. मी पहिले दोन दिवस एकाच रकान्यात शोधत बसले.

ह्यांच्या नावाने तर खरेदीखतच सापडेना. माझ्या नावाने सापडलं. उघडून पाहिलं तेव्हा कळलं की ह्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं आपल्या पद्धतीने लिहिलेलं, पण सूचीत घेताना सासऱ्यांचं नाव आडनाव म्हणून गेलं होतं. म्हणजे 1998 पासून माझा नवरा त्या दप्तरात आपल्या वडिलांच्या नावाखाली बसला होता. म्हणून सांगते, शोधताना आडनाव, वडिलांचं नाव, स्पेलिंगचे सगळे प्रकार, नावं जोडून आणि तोडून, सगळं टाकून बघा. त्याहून चांगलं म्हणजे लॉट (भूखंड) आणि ब्लॉक (भूखंडांचा गट) यांचे क्रमांक आणि वसाहतीचं नाव यांवरून शोधा. जमिनीचं वर्णन नावासारखं बदलत नाही.

कर्जाचा दस्त सापडला, पण रिलीज कुठेच नाही. शेवटी रिचमंडला गेले. काउंटरवरच्या बाईंनी आधीच सांगितलं, "मॅडम, मी कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही, आणि तुमच्या मालकीचा शोध मी घेऊन देऊ शकत नाही." पण लोकांसाठी ठेवलेल्या संगणकापाशी येऊन त्यांनी मला तारखांप्रमाणे यादी लावायला शिकवलं. 2011 ते 2013 मधली एकेक नोंद पाहिली. रिलीज नव्हतंच.

घरी येऊन ह्यांचं कपाट उघडलं. ते मी दोन वर्षांत उघडलं नव्हतं. तिसऱ्या खणात खाकी पाकीट होतं. त्यावर निळ्या शाईत ह्यांच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द, "फिटलं", आणि खाली तारीख. आत कर्ज पूर्ण फेडल्याचं बँकेचं पत्र. पत्राच्या शेवटी एक ओळ : बोजा उतरवल्याचा कागद नोंदणीसाठी हॅरिस काउंटीकडे पाठवला आहे.

तेव्हा उलगडा झाला. पत्ता ह्यूस्टनचा म्हणून बँकेने कागद हॅरिसला पाठवला. तिथल्या सूचीत शोधला तर लगेच मिळाला. आमचा बोजा शेजारच्या काउंटीत उतरला होता आणि घर होतं त्या काउंटीत तो तेरा वर्षं तसाच उभा होता. ती बँक दरम्यान दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झालेली. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी. शेवटी मी फोन सोडून दिला. फेडल्याचं पत्र, फोर्ट बेंडमधल्या कर्जाच्या दस्ताचा नोंदणी क्रमांक आणि हॅरिसमधून मागवलेली रिलीजची प्रमाणित प्रत, हे सगळं पोचपावतीच्या टपालाने पाठवलं. प्रमाणित प्रतीला 5 डॉलर आणि वर पानामागे 1 डॉलर लागतो. तीन महिन्यांनी नवीन रिलीज फोर्ट बेंडच्या सूचीत दिसलं. मी रोज सकाळी चहाबरोबर ती सूची उघडत होते, म्हणून त्याच दिवशी कळलं.

आता निम्म्या घराचं. मृत्युपत्र नव्हतं. वकिलाने वारसांचं शपथपत्र करायला सांगितलं. त्यात लग्न कधी झालं, मुलं किती, दत्तक कुणी, आधीचं लग्न होतं का, देणी राहिली आहेत का, हे सगळं लिहायचं. आणि हे शपथेवर सांगायचं कुणी, तर कुटुंबाला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या आणि ज्यांना या घरातून काहीही मिळणार नाही अशा दोन माणसांनी. सगळ्याच टायटल कंपन्या ते मान्य करतील असं नाही, तेव्हा आधी विचारून घ्या. आमच्या कंपनीने होकार दिला.

मंडळातल्या एका भाऊंना आणि त्यांच्या शेजारच्या ताईंना विचारलं. भाऊ ह्यांना 1987 पासून ओळखणारे, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. म्हणाले, "वहिनी, विचारता काय? कधी आणि कुठे यायचं ते सांगा." नोटरीपुढे शपथ घेताना त्यांचा आवाज कापरा झाला. मला तेव्हा जाणवलं की आणखी दहा वर्षं मी हे टाळलं असतं, तर आमचं लग्न, आमची मुलं शपथेवर सांगणारं इथे कुणी उरलं असतं की नाही.

कागद घेऊन पुन्हा रिचमंड. त्याच बाई होत्या. त्यांनी पानं मोजली, सह्या पाहिल्या आणि नोटरीच्या शिक्क्यापाशी अंगठा टेकवून थांबल्या. शिक्का फिका होता, अर्धं वर्तुळ उमटलंच नव्हतं. स्कॅनमध्ये शिक्का वाचता आला पाहिजे, नाहीतर नोंद होत नाही. कागद परत. भाऊंना पुन्हा चाळीस मैल गाडीतून नेताना मला इतकं वाईट वाटत होतं! तुम्ही नोटरीच्या टेबलावरून उठण्याआधी शिक्का उजेडात धरून बघा. वर्तुळ पूर्ण आहे का, नाव आणि मुदतीची तारीख वाचता येते का. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसऱ्या खेपेला नोंद झाली. फी पानांवर असते, घराच्या किमतीवर नाही. पहिल्या पानाला पंचवीसेक डॉलर, पुढच्या प्रत्येक पानाला 4. मुद्रांक शुल्काची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे खरं वाटत नाही, पण टेक्ससमध्ये घराच्या हस्तांतरावर कर नाही. 2015 साली तशी बंदी राज्यघटनेतच घातली गेली. बाईंनी कागद स्कॅन केला आणि मूळ प्रत मला परत दिली. त्यावर क्रमांक, तारीख आणि वेळ, मिनिटापर्यंत.

त्याच महिन्यात मी आणखी एक कागद केला : ट्रान्सफर ऑन डेथ डीड. टेक्ससमध्ये 2015 पासून ही सोय आहे. माझ्यानंतर घर दोन्ही मुलांचं. मी आहे तोवर त्यांचा काही हक्क नाही, मला घर विकता येतं, हा कागद रद्दही करता येतो. मात्र नोटरी झालेला हा दस्त आपण जिवंत असताना काउंटीत नोंदवला गेला पाहिजे. कपाटात राहिला तर त्याचा उपयोग शून्य. आणि एकदा नोंदवला की नंतरच्या मृत्युपत्राने तो बदलत नाही, तेव्हा विचार करून सही करा.

नोंदणीनंतर आठवडाभरात सरकारी वाटावं असं एक पत्र येईल : तुमच्या दस्ताची प्रमाणित प्रत हवी असल्यास शंभरेक डॉलर पाठवा. पाठवू नका. ती प्रत काउंटीतून काही डॉलरमध्ये मिळते.

छप्पर गेल्या महिन्यात झालं. शपथपत्राच्या दोन प्रती काढल्या, एक भाऊंना, एक ताईंना नेऊन दिली. खाकी पाकीट कपाटात परत ठेवण्याआधी ह्यांच्या तारखेखाली नवीन रिलीजचा नोंदणी क्रमांक लिहिला, आणि पुढे "फोर्ट बेंड".