नराच्या शोधात: पाच मिलिमीटरच्या मिलिपीडसाठी जंगलवारी

मागच्या हंगामात पालापाचोळ्यातून जमवलेल्या नमुन्यांत एक फिकट, डोळे नसलेला, जेमतेम पाच मिलिमीटरचा मिलिपीड (कड्याकड्यांच्या शरीराचा, पुष्कळ पायांचा जीव) आला होता. वर्णन झालेल्या कुठल्याच प्रजातीशी त्याचा मेळ बसेना. पण हाती होत्या त्या सगळ्या माद्या आणि पिल्लं. हा जीव मिलिपीडांच्या ज्या गणातला, त्या पॉलिडेस्मिडा गणात नुसत्या मादीवरून नवी प्रजाती जाहीर करणं फार धोक्याचं. म्हणून या खेपेला जंगलात गेलो ते एकाच कामासाठी: पूर्ण वाढलेला नर शोधायला.

नरच का? त्याच्या सातव्या कड्यावरची पायांची पुढची जोडी चालण्यासाठी नसतेच. मादीकडे शुक्राणू पोचवणारा अवयव म्हणून तिचं रूप बदललेलं असतं. त्याला गोनोपॉड म्हणतात. वरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन प्रजातींमध्ये फरक सापडतो तो बहुधा याच अवयवाच्या काट्याआकड्यांत.

वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात घ्या. तिच्याशिवाय गोळा केलेला नमुना पुढे शोधनिबंधात अडकतो, आणि ते योग्यच आहे. वेळ निवडा ती पाऊस जमिनीत मुरल्यावरची, उघडीप बघून. कोरड्या दिवसांत हे जीव मातीत खोल उतरतात. मुसळधारेत पाचोळ्याचा लगदा होतो आणि चाळणीतून काही पडत नाही.

आम्ही ओढ्याच्या काठाने, कुजलेल्या ओंडक्यांच्या आसपास काम केलं. वरची सुटी पानं बाजूला सारली की खाली काळपट, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी विणलेला थर लागतो. तोच चाळायचा, साधारण सेंटिमीटरभर भोकांच्या चाळणीतून, पांढऱ्या ट्रेवर. मग थांबायचं. पडल्या पडल्या मिलिपीड वेटोळं करून निपचित राहतो आणि मातीच्या कणासारखाच दिसतो. थोड्या वेळाने त्यातलाच एखादा कण उलगडतो, पायांची लाट मागून पुढे सरकत जाते आणि तो चालू लागतो. हा क्षण हुकू नये म्हणून ट्रे लगेच झटकू नका. उचलायला चिमटा नको, अंग तुटतं. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बारीक ब्रशचं टोक पुरेसं होतं.

जागेवरच भिंगाखाली पोटाकडून बघा. आम्हाला हवा होता तो नर असाच सापडला: सातव्या कड्यापाशी पायांच्या रांगेत खंड आणि तिथे दोन चकचकीत, आत वळलेले आकडे. नुसती कडी मोजून भागत नाही. या गणात पूर्ण वाढलेल्या प्राण्याला बहुधा 20 कडी असतात, त्याआधीच्या अवस्थेत 19. पण काही प्रजातींची वाढ 19 वरच संपते. आकडे पूर्ण तयार झालेले दिसले तरच नर प्रौढ समजा. जिवंतपणीच फोटो काढा, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतो. बाह्यरचना तपासायचे नमुने 70 ते 80 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा; डीएनएसाठी वेगळी कुपी, 95 टक्क्यांची. या तीव्र इथेनॉलमध्ये शरीर ठिसूळ होतं, त्यामुळे सगळे नमुने एकाच कुपीत भरू नका.

चिठ्ठी कुपीच्या आत घाला, पेन्सिलने लिहिलेली. पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. तारीख, अक्षांश-रेखांश, उंची, नमुना ओंडक्याखाली मिळाला की पाचोळ्यात, सगळं तिथेच लिहा. मुक्कामी परतल्यावर आठवून नव्हे. याबाबत मी फार आग्रही आहे. कॅलिफोर्नियातल्या 'इलॅक्मी प्लेनिपेस' या शेकडो पायांच्या मिलिपीडचं वर्णन 1928 मध्ये झालं, आणि नंतर तो थेट 2005 मध्ये, त्याच परिसरात, पुन्हा सापडला. अशा जिवांचा वावर कधीकधी एखाद्या दरीपुरताच असतो. ठिकाण चुकीचं लिहिलं तर पुढच्यांनी शोधायचं कुठे?

बाकी काम सूक्ष्मदर्शकाखालचं. गोनोपॉड बारीक सुईने सोडवून, ग्लिसरीनमध्ये ठेवून सगळ्या बाजूंनी चित्रं काढायची आणि त्या वंशातल्या प्रत्येक प्रजातीच्या मूळ वर्णनाशी ताडून बघायची. सर्वाधिक वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा. नावासाठी प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता पाळावी लागते: एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून नेमायचा आणि संग्रहालयात ठेवायचा, निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही हवी. शक्य असेल तर पॅराटाइप, म्हणजे वर्णनासाठी वापरलेले बाकीचे नमुने, दुसऱ्या संग्रहालयात ठेवा, म्हणजे एका ठिकाणी काही बिघडलं तरी तुलनेला नमुना उरतो.

आम्हाला सगळे नर ओढ्याच्या एकाच काठावर मिळाले. पुढे जाणाऱ्यांनी पलीकडचा काठ आणि वरचा कोरडा उतार चाळावा. तिथे काहीच मिळालं नाही, तरी किती पाचोळा चाळला ते लिहून ठेवावं. ओंडका उलटलात तर होता तसाच परत ठेवा. त्याखालचा ओलावा गेला की तिथलं सगळंच मरतं.