दुबार बिलांचा दिवस

एका ग्राहकाला एकाच ऑर्डरची दोन बिलं गेल्याचा सपोर्टचा निरोप आला, तेव्हा आमचा स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, अर्ध्यावर होता. पाठोपाठ तशाच आणखी तक्रारी येऊ लागल्या. त्या सुमारास आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये कामं वाटून देणारं कोणी नव्हतं. आधीचे लीड दुसऱ्या प्रॉडक्टवर गेले होते, आणि त्यांच्या जागी नवा माणूस आणण्याऐवजी वाटणी आपणच करायची असं आम्ही मॅनेजरशी बोलून ठरवलं होतं. वरच्या मंडळींना ते फारसं पटलेलं नव्हतं.

लीड असताना स्टँडअप ही रोजची छोटी बैठक म्हणजे त्यांना द्यायचा हिशेब. काल काय केलं, आज काय करणार, सगळं त्यांच्याकडे बघून. माणूस भला आणि कामात पक्का, पण ते मीटिंगमध्ये अडकले की निर्णयही अडकायचे. ते गेल्यावर आम्ही कामं मांडलेल्या बोर्डाकडे बघून एकमेकांशी बोलायला लागलो. ‘चालू’च्या रकान्यात एका वेळी तीनच कामं ठेवायची, चौथं घ्यायचं तर आधी कुणाचं तरी संपवायला हात लावायचा, हा नियम आमचा आम्हीच घातला. तो बराच जाचायचा, कारण बहुतेक कामं दोघादोघांनी मिळून करावी लागायची. पण त्या दिवशी अर्धवट कामांचा पसाराच नव्हता. हातातलं खाली ठेवून सगळे लगेच एका टेबलाशी जमले.

अनुभवी दोघांमध्ये आधी चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, डेटाबेसमधल्या दुबार नोंदी काढू, मग कारण शोधू. दुसरा म्हणाला, नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात काय अर्थ आहे? तेवढ्यात टीममध्ये नव्याने आलेली, सपोर्टच्या तक्रारी बघणारी मुलगी म्हणाली, “या सगळ्या मोठ्या ऑर्डरी आहेत. छोट्या ऑर्डरीचं एकही बिल दोनदा गेलेलं नाही.”

या एका वाक्याने तपासाची दिशाच ठरली. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) आमच्या सर्व्हरला तसं कळवतो, आणि ठरलेल्या वेळेत पोच मिळाली नाही तर तोच संदेश पुन्हा पाठवतो. आमचा कोड आधी बिलाची पीडीएफ बनवायचा, मग ईमेल पाठवायचा आणि सगळं आटोपल्यावर पोच द्यायचा. ऑर्डर मोठी, की पीडीएफला वेळ लागे. त्या दिवशी ईमेल सेवाही मंदावली होती. पोच उशिरा गेली, संदेश पुन्हा आला आणि आमच्या कोडने तो नवा समजून दुसरं बिल केलं.

जुन्या पद्धतीत त्या मुलीचं निरीक्षण सपोर्टच्या तिकिटात, म्हणजे कामाच्या नोंदीत, पडून राहिलं असतं, कारण तपास तिच्याकडे ‘दिलेला’ नव्हता. कामाच्या सगळ्यात जवळ असलेल्याला नेमकी खोच ठाऊक असते, आणि ती निर्णयापर्यंत पोचायला मधल्या पायऱ्या जितक्या कमी तितकं बरं. स्वयंसंघटित, म्हणजे आपली कामं आपणच वाटून घेणारी, टीम चांगलं काम का करते, याचं माझ्या मते हेच मुख्य कारण आहे. उत्साह, आपलेपणा वगैरे येतं, पण ते नंतर.

पुढची वाटणी बघता बघता झाली. दोघांनी कोड घेतला: गेटवेच्या प्रत्येक संदेशाचा क्रमांक साठवायचा, तोच पुन्हा आला तर नवी नोंद करायची नाही; संदेश नोंदवून लगेच पोच द्यायची, पीडीएफ आणि ईमेल रांगेत टाकून मागाहून करायचे. टेस्टरने कोडची वाट न बघता तोच संदेश दोनदा पाठवणारी चाचणी लिहायला घेतली. एक जण दुबार नोंदींची यादी काढायला बसला. मी सपोर्टला दर थोड्या वेळाने काय चाललंय ते कळवत होतो. कुणी कुणाला ‘हे तू कर’ म्हटलं नाही. प्रत्येकाने काय उचलतोय ते मोठ्याने सांगितलं, एवढंच.

मॅनेजर आले आणि त्यांनी एकच विचारलं, “माझ्याकडून काय हवंय?” प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या यंत्रणेचा, डेटाबेस वाचायची परवानगी हवी होती. ती त्यांनी मिळवून दिली आणि ते बाजूला झाले. ग्राहकांचे पैसे कसे परत करायचे, हे आम्ही ठरवलं नाही. ते प्रॉडक्ट ओनर (प्रॉडक्टमध्ये आधी काय करायचं ते ठरवणारी व्यक्ती) आणि हिशेब विभागावर सोपवलं. स्प्रिंटमधलं काय मागे टाकायचं, तेही प्रॉडक्ट ओनरला विचारूनच. टीमला मोकळीक म्हणजे मॅनेजरची सुट्टी, असा समज अनेकांचा असतो. 1986 मध्ये ताकेउची आणि नोनाका या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी जपानी कंपन्यांमधल्या स्वयंसंघटित गटांवर लिहिलं, तेव्हाही व्यवस्थापनाचं हलक्या हाताचं, न जाचणारं नियंत्रण हा त्यांच्या मांडणीचा भाग होताच. उत्तम डिझाइन स्वयंसंघटित टीममधून घडतं, हे सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीवरच्या 2001 च्या अजाइल जाहीरनाम्यातलं तत्त्व आमच्या क्षेत्रात बहुतेकांना पाठ असतं. पण टीमचा निर्णय कुठपर्यंत आणि कुठून पुढे दुसऱ्याचा, ही रेघ आधी स्पष्ट नसती तर त्या दुपारी आमचा निम्मा वेळ विचारविनिमयातच गेला असता.

संध्याकाळी दुरुस्ती प्रॉडक्शनवर गेली. टेस्टरने तोच संदेश दोनदा पाठवला. नोंद एकच झाली.

पुढच्या रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर झालेल्या कामाकडे मागे वळून बघायच्या बैठकीत, ठरलं की सपोर्टच्या तक्रारी एकाच माणसाकडे राहायच्या नाहीत, त्या आळीपाळीने सगळ्यांनी बघायच्या. ईमेलचा कोड लिहिणाऱ्याने पहिली पाळी स्वतःहून मागून घेतली. एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही आणि ती मला खरोखर खुपते. आमचं वार्षिक मूल्यमापन अजूनही प्रत्येकाने बंद केलेल्या तिकिटांवर होतं. त्या दिवशी कळीचं वाक्य बोलणाऱ्या मुलीच्या नावावर त्यातलं एकही तिकीट नाही. टीमने मिळून तसं पत्र मॅनेजरना दिलंय, त्यांनी ते वर पाठवलंय, आणि उत्तर अजून आलेलं नाही.