हे वारं न्हवं

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली पोरगी. अठरावा दिवस. पन्हाळ्याकडच्या गावातून जीपमधून उचलूनच आणली. डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. हात उचलून सोडला तर तिथंच अधांतरी राहिला. सोबत आई, भाऊ आणि गावचा देवरुषी.

देवरुषीच आधी बोलला, "डॉक्टर, हे वारं न्हवं. वारं हलगीवर येतंय, अंगारा लावला की उतरतंय. ही तीन दिस अशीच हाय."

फरक त्यानं बरोबर पकडला होता. जोतिबाच्या डोंगरावर अंगात येऊन घुमणारी बाई थोड्या वेळानं गुलाल झटकून परतीची एसटी पकडते. तो आजार नव्हे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही धर्माचारातलं, समाजानं मानलेलं वारं विकारात धरत नाहीत. हा कॅटाटोनिया होता: माणूस जागच्या जागी गोठतो, बोलणं-हालणं थांबतं.

नाडी 118, जीभ कोरडी, लघवी तुंबलेली. कॅथेटर, सलाईन. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी होऊ शकते, अंगातलं पाणी आटलं की जास्तच, म्हणून एमआरआय. रक्तातलं सोडियम आणि सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं द्रव्य. वाटेत कुणीतरी हॅलोपेरिडॉल हे वेडाच्या झटक्यावरचं औषध टोचलं होतं, तीच खरी धास्ती. कॅटाटोनियात त्यानं ताप चढून अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, जिवावर बेततं. ताप नव्हता, सीपीके थोडंच वाढलेलं.

मग लोराझेपाम हे गुंगीचं औषध, 2 मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश. श्वास मंदावला तर म्हणून ऑक्सिजन आणि हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग उशाशी. दहाव्या मिनिटाला मान वळली. "पाणी."

आईनं घाईनं अंगारा तिच्या तोंडात घालायला चिमूट उचलली. ती थांबवावी लागली. गिळणं तपासल्याशिवाय पाणीसुद्धा नाही, छातीत उतरतं. कपाळाला लावा म्हटलं, लावला.

चार तासांनी पोरगी पुन्हा ताठ. "देवाचं कायतरी राहिलंय बगा," आई म्हणाली. राहिलं काही नव्हतं, औषधाचा जोर ओसरला होता. डोस ठरावीक वेळानं सुरू केला. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही तर विजेचे उपचार, तेही भूल देऊनच. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भुलीविना द्यायला बंदीच आहे. ती वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बाळ मागितलं. नजर ठेवून दिलं, कारण कॅटाटोनियाखालचा बाळंतवेडाचा झटका अजून शिल्लक होता.

निघताना देवरुषीनं विचारलं, "पुन्यांदा अशी कोण आली तर?"

"हात उचलून सोडा. वरच राहिला, नाहीतर दिवसभर पाणी पोटात गेलं नाही, तर आधी जीप. उतारा मागनं."